दोन रात्रींचा एक दिवस

‘हॉटेलात काय, झोपायलाच तर जायचं!’ सहलीचा बेत ठरताना घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. त्यामागे एका पिढीची काटकसर आहे आणि ती मानाने जपावी अशीच आहे. काशीला धर्मशाळेत, इंदूरला मावसभावाकडे, दिल्लीला ओळखीच्या कुणाच्या सरकारी क्वार्टरमध्ये उतरायचं, सकाळी सहाला बाहेर पडायचं, दिवसभर पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडायचं आणि रात्री पाठ टेकायला परत यायचं. आपल्या आईवडिलांनी असाच निम्मा देश पाहिला. दिवस बाहेर काढायचा असेल, तर खोली स्वच्छ असली की पुरे. हा हिशोब चोख आहे.

तो चुकतो मुक्काम राजवाड्यात असतो तेव्हा. लग्नाची पन्नाशी, वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन, आईची निवृत्ती अशा निमित्ताने मुलांनी आईवडिलांना ‘एकदा तरी चांगल्या ठिकाणी’ पाठवण्याची पद्धत मराठी घरांत आता रुळली आहे. उदयपूरच्या तळ्यातला महाल, जयपूरचा रामबाग, आग्र्याचं अमरविलास ही नावं पूर्वी फक्त सिनेमाच्या मासिकांत वाचायला मिळायची. आता ती घरच्या व्हॉट्सॲप गटावर येतात. पण बेत मात्र जुनाच राहतो. रोज नवं शहर, सकाळी लवकर निघणं, दिवसभर स्थळदर्शन, रात्री मुक्काम. धर्मशाळेच्या जागी राजवाडा आला आणि वेळापत्रक तसंच राहिलं, तर एका रात्रीचे पाच आकडी, ऐन हंगामात काही ठिकाणी सहा आकडी पैसे मोजून पदरात पडतो तो फक्त पलंग.

माझ्या मामा-मामींच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं होतात. मामा बँकेतून निवृत्त झालेले, मुक्काम ठाण्याला. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत. दोघांनी मिळून आईवडिलांसाठी सहलीचा तक्ता तयार केला. नाताळच्या सुट्टीत नऊ रात्री आणि सहा शहरं: मुंबई, उदयपूर, जोधपूर, जयपूर, आग्रा, दिल्ली. हॉटेलं एकाहून एक. प्रवासावर लिहिण्याच्या निमित्ताने यांतली बरीच हॉटेलं मी आत जाऊन पाहिली आहेत, काहींत राहण्याचा योगही आला आहे, म्हणून तक्ता माझ्याकडे नजर टाकायला आला. या लेखातला बराचसा मजकूर त्या तक्त्यावर झालेल्या चर्चेतून आला आहे. दिवाळीनंतर असेच तक्ते घरोघरी होतील, म्हणून तो सविस्तर मांडावासा वाटला.

आधी घड्याळ पाहू. बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते. एका रात्रीच्या भाड्यात बावीस तास येतात. पण सकाळी एका शहरातून निघून दोन ठिकाणं बघत पाच-सहा तासांचा रस्ता कापणारा माणूस संध्याकाळी सातला पोचतो. आंघोळ, जेवण, झोप. सकाळी आठला नाश्ता उरकून पुन्हा गाडीत. बावीसातले तेरा तास वाट्याला आले, त्यांतले आठ झोपेत गेले. उरलेल्या पाचात दोन जेवणं आणि सामान आवरणं. दुसरी रात्र राहिलं तर मध्ये एक अख्खा दिवस मिळतो. त्या दिवशी कुठून यायचं नसतं, कुठे जायचं नसतं. खर्च दुप्पट होतो हे खरं, पण महालात राहणं ज्याला म्हणायचं ते घडतं ते याच दिवशी.

पुण्यात अशा सहली आखून देणाऱ्या एक बाई आहेत. खर्चाचा आकडा त्या नंतर विचारतात. प्रत्येक दिवशी दुपारी चारच्या सुमाराला तुम्ही कुठे असणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. कारण साधं आहे. राजस्थानात किंवा हैदराबादेत दुपारी चारनंतर ऊन उतरायला लागतं, व्हरांड्यात चहा मांडला जातो, बागेत मोर येतात, आणि बहुतेक जुन्या राजवाड्यांत संध्याकाळी राहत्या पाहुण्यांना वास्तू हिंडवून दाखवतात. या फेरीचे पैसे भाड्यातच असतात. दिवाणखान्यातली चित्रं, गुप्त जिने, जुन्या मेजवान्यांच्या आठवणी हे सगळं त्या तासाभरात कळतं. आणि त्याच वेळी आपण आमेरच्या चढावर गाडीत अडकलेले असतो.

मुंबईच्या ताजचीच गोष्ट घ्या. मामांनी आयुष्यभर फोर्टात नोकरी केली, रोज जेवणाच्या सुट्टीत त्या इमारतीवरून चकरा मारल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. ही इमारत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी स्थापत्यकाराने डी. एन. मिर्झा यांच्यासह आखली आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ती पुरी केली, हेही मामांना ठाऊक नव्हतं. हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडलं. समोरच्या गेटवेची कोनशिला बसली 1911 मध्ये आणि तो बांधून झाला 1924 मध्ये. म्हणजे बोटीने मुंबईत शिरणाऱ्यांना वीस वर्षं बंदरावर आधी दिसायचं ते ताजच. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर उंच टॉवरचा भाग महिन्याभरात सुरू झाला, पण जुन्या महालाची डागडुजी करून तो पाहुण्यांसाठी खुला व्हायला 15 ऑगस्ट 2010 उजाडला. इथे आरक्षण करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. संकेतस्थळावर स्वस्त दिसणारी खोली सहसा 1970 च्या दशकात उभ्या राहिलेल्या टॉवरमधली असते. घुमटाखालचा तो लोंबकळता दगडी जिना चढून ज्या खोल्यांकडे जाता येतं, त्या जुन्या भागातल्या. भाड्यात फरक आहे आणि तो आधी विचारून घेतला पाहिजे.

तरीही मुंबई मी तक्त्यातून काढायला सांगितली. ठाण्याहून ताजला केव्हाही जाता येईल. सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून चहा घ्यायला खोली लागत नाही. लांबच्या प्रवासातल्या मोजक्या रात्री तिथे खर्चू नयेत. दिल्लीही काढली. ती स्वतंत्र सहलीचा विषय आहे, आणि डिसेंबरातली तिथली हवा पंचाहत्तरीच्या माणसाला मानवणारी नाही.

तिथून महिन्याचा प्रश्न आला. अमेरिकेतल्या मुलांना सुट्टी मिळते नाताळात, आणि उत्तरेत दाट धुकं पडतं ते नेमकं डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत. विमानं खोळंबतात, गाड्या तासन् तास उशिरा धावतात, एक्स्प्रेसवेवर समोरचा ट्रक दिसत नाही. ताजमहाल दिसावा म्हणून भरमसाट भाडं भरून घेतलेल्या खोलीच्या खिडकीत सकाळी दहापर्यंत पांढरा पडदा असतो. नाताळ ते नववर्ष हाच सगळ्यात महागडा आठवडा, आणि अनेक हॉटेलं त्यात रात्रीच्या मेजवानीचे पैसे सक्तीने लावतात. मुलाने रजेची खटपट करून सहल फेब्रुवारीच्या मध्यावर नेली. धुकं विरलेलं, ऊन अजून कोवळं, भाडंही थोडं खाली.

ज्यांना उन्हाळा-पावसाळाच मोकळा असतो, त्यांनी उत्तर सोडून केरळकडे वळावं. आयुर्वेदाच्या उपचारांसाठी तिथे पावसाळाच उत्तम मानतात. कुमारकोमला वेंबनाड तळ्याकाठी जुनी लाकडी घरं उकलून, वाहून आणून पुन्हा उभी केलेली हॉटेलं आहेत. कौलांवरून पावसाच्या धारा लागलेल्या असताना तिथे आठवडा काढण्यासारखं सुख नाही. पण तो वेगळा प्रवास, इथे त्याचा विस्तार करत नाही.

आता वार. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. पौर्णिमा आणि तिच्या मागच्या-पुढच्या दोन-दोन रात्री चांदण्यात तो पाहायला मिळतो, त्यातही शुक्रवार वगळून. म्हणून उत्तरेतला कुठलाही बेत आग्र्याच्या दिवसापासून मागे मोजत आखावा. बुधवारी दुपारी आग्र्यात पोचायचं, गुरुवार पुरा तिथे, शुक्रवारी निघायचं. हे एकदा नक्की झालं की सोमवारी आणि मंगळवारी रात्री जयपूर, त्याआधीचे शुक्रवार ते सोमवार उदयपूर. तक्त्यातल्या नऊ रात्रींपैकी सात अशा बसल्या. उरलेल्या दोन कुठे, यावरून घरात मोठी चर्चा झाली; त्याकडे येतोच आहे.

उदयपूरला तीन रात्री का, असं मामांनी विचारलं. पिछोला तळ्यातला जगनिवास महाराणा जगतसिंह दुसरे यांनी 1746 मध्ये पुरा केला. गर्मीत राजपरिवाराने गारव्याला येऊन राहावं, एवढ्यासाठीच. महाराणा भगवतसिंहांनी त्याचं 1963 मध्ये हॉटेल केलं, तेव्हा अंतर्भागाच्या सजावटीला डीडी कॉन्ट्रॅक्टर या मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झालेल्या कलावंत बाईंचा हात लागला होता. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात मातीची घरं बांधून पुढे नावाजल्या त्या याच. 1971 मध्ये हॉटेल ताज समूहाकडे गेलं. या महालात यायला-जायला बोट हाच मार्ग आहे आणि नुसतं पाहायला म्हणून आत सोडत नाहीत. संध्याकाळी पोचून सकाळी निघणाऱ्याला महाल काठावरूनही दिसला असता तेवढाच दिसतो. त्यातून बोटीत चढताना-उतरताना वयस्कर माणसांना दर वेळी हाताला धरावं लागतं. तीन रात्री राहिलं म्हणजे रोज दोनदा-तीनदा ही चढउतर करायची गरज उरत नाही. एक दिवस शहरात, एक दिवस महालातच, आणि एक राणकपूरला.

राणकपूर उदयपूरपासून साधारण नव्वद किलोमीटर. पंधराव्या शतकातलं जैन मंदिर, 1,444 खांब, नक्षी एकाची दुसऱ्यासारखी नाही. सकाळची वेळ पूजेची असते. इतर प्रवाशांना दुपारी बारानंतर आत सोडतात. हे ठाऊक नसलेली मंडळी पहाटे उठून, नाश्ता टाकून निघतात आणि दारात ताटकळतात. महालात निवांत नाश्ता करून साडेनवाला निघालं की बरोबर वेळेवर पोचता येतं. चामड्याचा पट्टा आणि पाकीट गाडीतच ठेवावं.

जोधपूर वगळताना सगळ्यांनाच वाईट वाटलं, मला जास्त. उमेद भवनाची गोष्ट भारतातल्या कुठल्याही राजवाड्याहून वेगळी आहे. मारवाडात पाठोपाठ दुष्काळ पडत होते. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराजा उमेदसिंहांनी 1929 मध्ये बांधकाम काढलं आणि ते चौदा वर्षं चालू ठेवलं. तीन हजारांच्या आसपास माणसं त्यावर राबत होती. दगड एकमेकांत खाचा करून बसवले. हेन्री लँचेस्टर या इंग्रज स्थापत्यकाराचा आराखडा, खोल्या 347. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून निघालेलं सामान जहाजासकट बुडालं, तेव्हा युद्धातून परागंदा होऊन भारतात आलेल्या स्टेफान नॉर्ब्लिन या पोलिश चित्रकाराकडे सजावट सोपवली गेली. रामायणातले प्रसंग त्याने भिंतींवर रंगवले ते युरोपातल्या त्या काळच्या शैलीत. तिथली चित्रं निरखायला एक दुपार हाताशी हवीच. जोधपूर धरलं असतं तर उदयपूर एका रात्रीवर आलं असतं आणि प्रत्येक ठिकाणी तीच घाई झाली असती. एक महाल नीट पाहण्यासाठी दुसरा सोडावा लागतो, आणि सोडायला जमलं पाहिजे.

शिवाय जोधपूरला त्या आठवड्यात अडचण होती. हल्ली राजस्थानातली बडी हॉटेलं लग्नांसाठी सबंधच्या सबंध घेतली जातात. प्रियांका चोप्रा आणि निक जोनास यांचं लग्न डिसेंबर 2018 मध्ये उमेद भवनात झालं आणि तेव्हापासून ही हौस वाढतच चालली आहे. हॉटेल सबंध घेतलं नसलं तरी अर्ध्या खोल्या वऱ्हाडाच्या असल्या की बाग, तलाव, व्हरांडा सगळं वऱ्हाडाचं होतं, आणि रात्री उशिरापर्यंत ढोल. आरक्षणाआधी सरळ फोन करून विचारावं: आमच्या तारखांना तुमच्याकडे लग्न आहे का? विचारलं तर बहुधा खरं सांगतात. न विचारता कुणी सांगत नाही.

जयपूरच्या रामबागेत मराठी माणसाने दोन रात्री राहण्याला एक आतलं कारण आहे. 1835 मध्ये राणीच्या मर्जीतल्या दासीसाठी बांधलेलं हे बागेतलं घर. पुढे शिकारखाना झालं, 1925 पासून महाराजा सवाई मानसिंहांचं निवासस्थान आणि 1957 मध्ये त्यांनीच त्याचं हॉटेल केलं. राजवाड्याचं हॉटेल करण्याची कल्पना तेव्हा संस्थानिकांना धक्कादायक वाटली होती. महाराणी गायत्रीदेवींनाही ती सुरुवातीला रुचली नव्हती, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पुढे डिसेंबर 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले, तेव्हा इतरांनीही तीच वाट धरली. या गायत्रीदेवींची आई इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. तिने पत्र लिहून ते मोडलं आणि 1913 मध्ये कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी आपल्या मनाने लग्न केलं. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत याची केवढी चर्चा झाली असेल! मामींनी हे ऐकल्याबरोबर जयपूरवर शिक्कामोर्तब केलं. त्या दोन दिवसांत आमेर सकाळी लवकर उरकायचं, दुपारी परत यायचं आणि चारला व्हरांड्यात बसायचं, एवढंच मी तक्त्यात लिहिलं.

आग्र्याला अमरविलास. ही नवी वास्तू आहे, 2001 सालची. ताजमहालापासून सुमारे सहाशे मीटरवर आणि प्रत्येक खोलीतून तो दिसतो. जुनं तेच खरं, असा हट्ट इथे धरू नये. जुन्या महालांतल्या खोल्या हॉटेलासाठी बांधलेल्या नसतात. एक खोली दरबाराएवढी, शेजारची चिंचोळी. मध्येच दोन पायऱ्या, उंच उंबरठा, न्हाणीघरात घसरडा संगमरवर. लिफ्ट असली तरी ती खोलीपाशी जाईलच असं नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी नवी इमारत कधीकधी अधिक सुखाची ठरते. मामींच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली. म्हणून प्रत्येक हॉटेलला खोलीपर्यंत किती पायऱ्या, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का आणि आंघोळीसाठी टबात उतरावं लागतं का, हे तीन प्रश्न लेखी विचारले. एका ठिकाणाहून उत्तर आलं नाही, तिथली खोली घेतली नाही. हे प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. अशा हॉटेलांत तुम्ही पैसे मोजता ते याच काळजीचे.

खाण्याचंही तसंच. नाश्त्यासह खोली घ्यावी, दोन्ही जेवणं धरू नयेत. चार दिवस सलग त्याच पद्धतीचं शाही जेवण सत्तरीच्या पोटाला झेपत नाही. मऊ भात, साधं वरण, लिंबाची फोड मागितली तर स्वयंपाकघर आनंदाने करून देतं. कराचा हिशोब मात्र आधी करावा: रात्रीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर असलं की जीएसटी अठरा टक्के, आणि अशा हॉटेलातल्या जेवणाच्या बिलावरही तेवढाच. जाहिरातीतला भाव बहुधा कराशिवायचा असतो. नऊ रात्रींच्या बिलात ही रक्कम एखाद्या रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त होते.

हे सगळं ज्यांना परवडणारं नाही त्यांनी बेत सोडू नये. सगळ्या प्रवासात एकच महाल घ्यावा, पण तिथे दोन रात्री राहावं. बाकी ठिकाणी साध्या, स्वच्छ हवेल्यांत उतरावं. पर्यटन खात्याच्या वर्गवारीत 1950 पूर्वीच्या वास्तूंना हेरिटेज हॉटेलचा दर्जा मिळतो आणि राजस्थानात अशी लहान, घरगुती ठिकाणं पुष्कळ आहेत. चार महालांत एकेक रात्र काढण्यापेक्षा यात खर्चही कमी आणि मिळतंही जास्त. मराठवाड्यातल्यांना हैदराबादचं फलकनुमा जवळ पडेल. 1893 मध्ये पुरा झालेला टेकडीवरचा हा महाल पुढे निजामाकडे गेला, कित्येक वर्षं बंद राहिला आणि दीर्घ डागडुजीनंतर 2010 मध्ये हॉटेल म्हणून उघडला. एकशेएक माणसं बसतील असं जेवणाचं टेबल तिथे आहे.

आणि महेश्वर. अहिल्याबाईंच्या किल्ल्यातला वाडा रिचर्ड होळकर, म्हणजे इंदूरच्या यशवंतराव होळकरांचे चिरंजीव, यांनी पाहुण्यांसाठी खुला केला. मोजक्या खोल्या, तीनही वेळचं जेवण भाड्यात, खाली नर्मदेचा घाट. याच कुटुंबाच्या पुढाकाराने 1970 च्या दशकाअखेर तिथल्या विणकरांसाठी रेहवा संस्था सुरू झाली आणि मोडकळीला आलेले महेश्वरी साडीचे माग पुन्हा चालू झाले. किल्ल्यात राहून माग पाहायला पायी जाता येतं. इंदूरपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर हे असताना मराठी माणूस देशभरचे राजवाडे धुंडाळतो याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं.

उरलेल्या दोन रात्रींसाठी मुलांनी दिल्ली सुचवली होती, मी महेश्वर. मामींनी दोन्ही बाजूला सारून ग्वाल्हेर म्हटलं. त्या लहानपणी गाणं शिकल्या ते ग्वाल्हेर घराण्याचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला जाऊन ही गायकी शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात आणली. त्यांच्या शिष्यांत विष्णु दिगंबर पलुस्कर. मामींच्या गुरुजींची परंपरा बुवांपर्यंत पोचते. ‘गाणं जिथून आलं ते गाव बघितलं नाही अजून,’ एवढंच त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, ‘मग आधी का नाही बोललीस?’

आग्र्याहून ग्वाल्हेर सुमारे 120 किलोमीटर, वाटेत धौलपूर आणि चंबळ. आग्रा-जयपूर करून परतणाऱ्या हजारो मराठी प्रवाशांच्या वाटेत हे शहर सहज येऊ शकतं, पण तक्त्यात ते क्वचित असतं. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधून घेतलेला जयविलास, मायकेल फिलोस यांचा आराखडा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत त्यांचा भार पेलेल का, हे पाहायला आधी छतावर हत्ती चढवले होते असं सांगतात. महालाचा एक भाग संग्रहालय आहे. तिथल्या जेवणघरात टेबलावर रूळ घातलेले दिसतात. त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी धावायची. सात डबे, प्रत्येकावर एकेक अक्षर, मिळून इंग्रजीत ‘सिंधिया’. डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया आणि सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. माधवरावांना आगगाड्यांचं विलक्षण वेड होतं. इंदिराराजेंनी नाकारलेलं स्थळ ते हेच.

महालाच्या अगदी शेजारी उषा किरण पॅलेस आहे, शाही पाहुण्यांसाठी बांधलेलं, आता ताजकडे चालवायला. उदयपूर-जयपूरच्या मानाने इथलं भाडं पुष्कळ कमी आणि गर्दीही नाही. शनिवारचा दिवस मामींनी स्वतः आखला आहे. सकाळी किल्ल्यावर मानसिंह तोमराचं मानमंदिर, ऊन चढायच्या आत खाली. मग मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याजवळची तानसेनाची कबर. दुपारी जयविलास. चारला हॉटेलात परत, चहा, विश्रांती. संध्याकाळी फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी. लष्कर भागात जुनी मराठी घरं अजून आहेत. राजकवी भास्करराव तांब्यांचं हे गाव. तिथे मामींच्या गुरुजींच्या नात्यातलं एक कुटुंब राहतं, त्यांचा पत्ता मामींनी शोधून काढला आहे आणि फोनही झाला आहे.

शुक्रवारी सकाळी आग्रा सोडून जेवणाच्या वेळेला ग्वाल्हेर, रविवारी परत. मुलांनी विमान सुचवलं आहे. मामांनी पंजाब मेलचं तिकीट काढायचं ठरवलं आहे, पहिल्या वर्गाचं, खालचे दोन बर्थ.